शेंदराखालचा हद्दीचा दगड कसा वाचायचा? (शिरोळ-कुरुंदवाड भाग)

मंडळी नमस्कार,

कोल्हापूर संस्थान आणि शेजारची पटवर्धनी (पटवर्धन सरदारांची) संस्थानं यांच्या हद्दीवरचे जुने दगड शोधून त्यांची नोंद करायचं खूळ डोक्यात शिरलंय. पन्हाळ्याला झुंबड असते, शिवेवरच्या धोंड्याकडं कोण बघतंय!

सध्या शिरोळ तालुक्यात फिरतोय. शिरोळ कोल्हापूरचं, कुरुंदवाड पटवर्धनांचं, त्यातही थोरली पाती, धाकटी पाती (घराण्याच्या वाटणीतून झालेली दोन संस्थानं). कुरुंदवाड मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं, कोल्हापूर १ मार्च १९४९ ला. म्हणजे जवळपास वर्षभर बांधाच्या अलीकडं महाराजांचं राज्य आणि पलीकडं मुंबई सरकार.

तर अडचण अशी. एका उसाच्या बांधावर काळ्या दगडाचा चौकोनी खांब आहे, मांडीइतका उंच. दोन बाजूंना कोरीव अक्षरं बोटाला लागतात, पण वर शेंदूर आणि ऑइलपेंटचा जाड थर. लोक म्हसोबा म्हणून नारळ फोडतात, त्यामुळं खरवडायचा विषयच नाही. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढले तर एक काना आणि गोलसर काहीतरी उठून दिसतं, पुढचं उमगत नाही. रात्री बॅटरी बाजूनं धरून कुणी फोटो काढलेत का? चारी बाजूंचे फोटो जोडून थ्रीडी मॉडेल केलं तर रंगाखालची अक्षरं उठतात का?

दुसरं, हा दगड संस्थानी की मोजणी खात्याचा, हे कशावरून ठरवायचं? गावनकाशावर तीन गावांच्या शिवा मिळतात नेमका तिथंच तो येतोय, म्हणून मोजणीचा असल्याची शंका. वर चंद्र-सूर्य दिसत नाहीत, तेव्हा गद्धेगाळ (दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी कोरलेला जुना दगड) बहुधा नव्हे. कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात हद्दीच्या तंट्यांचे कागद कुणी पाहिले असतील तर कुठलं दप्तर मागायचं तेवढं सांगा. मोडी बऱ्यापैकी वाचता येतं.

आणि हो, टेप काढला की माणसं गोळा होतात. "मोजणीला आलाय काय? रस्ता निघतोय काय?" आता खुणा केलेली काठी शेजारी उभी करून फोटो घेतो. याहून बरी युक्ती असेल तर कळवा.

नेमकी जागा इथं टाकणार नाही. जेसीबीवाले आणि दगड उचलून नेणारे दोघंही वाचत असतात. खरंच कुणाला यायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, ऊसतोड झाली की पुढचे बांधही बघता येतील.