एडिसनहून मॅनहॅटन : गाडी की ट्रेन?

प्रेषक : नवा एडिसनकर
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५, रात्री १०.१२

मंडळी, नमस्कार.

जुलैमध्ये पुण्याहून आलो. सध्या न्यू जर्सीत, एडिसनला मित्राच्या बेसमेंटमध्ये मुक्काम आहे. माझं ऑफिस मॅनहॅटनमध्ये, ३९वी स्ट्रीट आणि सातवं अव्हेन्यू. मंगळवार ते गुरुवार हजेरी सक्तीची. बायकोची नोकरी प्लेन्सबरोला, रूट १ला लागून, आणि तिला पाचही दिवस जावं लागतं. मुलगी तीन वर्षांची. डेकेअर सहाला बंद होतं आणि त्यानंतर मिनिटाच्या हिशोबाने पैसे.

एक गाडी घेतली आहे. दुसरी घेऊन मी रोज हडसन नदीखालच्या टनेलने जाऊ, की ट्रेन धरू? ऑफिसातले निम्मे म्हणतात ट्रेनच्या भरवशावर राहू नकोस, उरलेले म्हणतात मॅनहॅटनमध्ये गाडी नेणारा वेडा असतो.

१ ऑक्टोबरपासून अपार्टमेंटचं लीज करायचं आहे. एक घर ओक ट्री रोडच्या पलीकडे, मोठं आणि स्वस्त. दुसरं मेटचनला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, एक खोली कमी आणि भाडं महिन्याला साडेतीनशे जास्त. पहिल्याकडे मन ओढतंय.

---

प्रेषक : काका, साउथ ब्रन्सविक
बुधवार, पहाटे ३.५१

अरे, त्या वेड्यांपैकी एक मी. मेलची वेळ बघ म्हणजे कळेल. सव्वाचारला घर सोडतो.

हिशोब ऐक. टनेल चालवणाऱ्या पोर्ट ऑथॉरिटीचा टोल ई-झीपासवर (काचेवरचा टोलचा टॅग) गर्दीच्या वेळी १६.०६ डॉलर, एरवी १४.०६. तोही फक्त न्यूयॉर्कात शिरताना, परतताना काही नाही. ५ जानेवारीपासून ६०व्या स्ट्रीटच्या खाली गेलं की वर ९ डॉलर कन्जेशनचे, म्हणजे शहराच्या गर्दीच्या भागात गाडी नेण्याचे. लिंकन किंवा हॉलंड टनेलने आलास तर त्यातले ३ कापून मिळतात, म्हणजे सकाळी आठला शिरणाऱ्याचे २२.०६ गेले. वाटेतल्या टर्नपाइकचा, म्हणजे टोलरस्त्याचा, टोल वेगळा.

आता खुबी. कन्जेशनचा दर सकाळी ५ला चढतो, टनेलचा ६ला. मी पाचच्या आत शिरतो : १४.०६ अधिक २.२५, झाले १६.३१. (रात्रीच्या दराला ३ डॉलरची सवलत नाही, विचारू नकोस.) गाडीत आम्ही तिघं असतो, त्यामुळे माणशी साडेपाच डॉलरही पडत नाहीत. एवढ्यात कोणती ट्रेन नेते सांगा. ऑफिसच्या जिममध्ये आंघोळ, दुपारी अडीचला परत.

माझी तक्रार पैशांची नाहीच. जर्सीकरांच्या खिशातून घेतलेला पैसा जातो तिकडच्या सबवेला, आणि आपल्या बाजूच्या रेल्वेला छदाम मिळत नाही. न्यू जर्सी कोर्टात गेलं ते उगाच नाही.

---

प्रेषक : मेट्रोपार्कची ताई
बुधवार, सकाळी ७.२६ (ट्रेनमधून, बसायला जागा मिळाली आहे)

काका, तुमचा हिशोब चोख आहे, पण तो तुमचा हिशोब आहे. मुलं कॉलेजात गेलेल्या माणसाने पहाटे सव्वाचारला निघावं. या बिचाऱ्याच्या घरी तीन वर्षांची पोर आहे, तिचे मोजे कोण शोधणार?

नव्या एडिसनकरा, तू साडेसातला निघशील, म्हणजे २२.०६ तुझ्या कपाळी, आणि बरोबर तिघं नाहीत, एकटाच. एडिसनहून मिडटाउन जाऊन-येऊन सत्तर मैल धर. आयआरएसचा, म्हणजे इथल्या करखात्याचा, गाडीखर्चाचा यंदाचा दर मैलाला ७० सेंट, त्यात पेट्रोल, टायर, इन्शुरन्स, घसारा सगळं आलं. ४९ डॉलर. टोल धरून ७१, आणि अजून पार्किंग गॅरेजवाल्याला पैसे दिलेच नाहीत. काका म्हणतील इन्शुरन्स तसाही भरतोच. भरता, कारण गाडी दारात आहे. याला ती अजून घ्यायची आहे.

दुसरं म्हणजे, ट्रेनचं तिकीट पगारातून कर कापण्याआधी काढता येतं. यंदा मर्यादा महिन्याला ३२५ डॉलर. टोलला ही सोय नाही. एचआरला आजच विचार, न्यूयॉर्कमध्ये वीस किंवा जास्त फुलटाइम माणसांच्या कंपनीला ती द्यावी लागते. मासिक पास मात्र लगेच काढू नकोस. तीन दिवसांच्या हजेरीत तो वसूल होतो का ते सुट्या तिकिटांशी ताडून बघ.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. तू विचारतोयस गाडी की ट्रेन, आणि त्याचं उत्तर तुझ्या लीजमध्ये आहे. ओक ट्रीच्या पलीकडच्या घरातून स्टेशनला चालत जाता येत नाही. गाडीने जायचं तर ती लावायची कुठे? इथे स्टेशनच्या पार्किंगचं प्रत्येक गावाचं वेगळं राज्य असतं. पर्मिट, त्याची वेटिंग लिस्ट, गावात राहणाऱ्याला एक भाव, बाहेरच्याला दुसरा. प्रिन्स्टन जंक्शनच्या पर्मिटसाठी एकेकाळी लोक वर्षानुवर्षं रांगेत असायचे. मेट्रोपार्कला मोठ्या डेक आहेत, रोजचे पैसे भरून लावता येते, पण मग ट्रेन स्वस्त कुठे राहिली? शिवाय ती गाडी बायकोला हवी. रूट १वरच्या त्या ऑफिस पार्कांना बस जवळजवळ नाही, असली तरी सहा लेनचा रस्ता ओलांडायला फुटपाथ सापडत नाही. इथली सगळी रेल्वे न्यूयॉर्ककडे तोंड करून बसली आहे, आडवं जायचं तर गाडीच. एकुलती गाडी तिची. म्हणजे पहिलं घर घेतलंस तर दुसरी गाडी आलीच, तिचा हप्ता आणि इन्शुरन्स मिळून साडेतीनशेत बसवून दाखव.

नवार्क आलं. बाकी संध्याकाळी.

---

प्रेषक : डोंबिवलीकर, ओल्ड ब्रिज
बुधवार, दुपारी १२.४०

बस कोणी काढलीच नाही म्हणून लिहितो. आम्ही रूट ९वाले. पार्क-अँड-राइडला गाडी लावायची, १३९ नंबरची बस पकडायची आणि झोपायचं. टनेलच्या आधी रूट ४९५वर सकाळी ६ ते १० समोरून येणाऱ्यांची एक लेन उलटी फिरवून फक्त बसना देतात. १९७०पासून चालू आहे. शेजारी काकांसारखे लोक स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसलेले असतात आणि आपण त्यांच्याकडे खिडकीतून बघत पुढे सरकतो. या एका लेनमधून रोज सकाळी अठराशेच्या वर बस आणि सत्तर हजार माणसं जातात. एवढी माणसं गाड्यांतून न्यायची तर हडसनखाली अजून किती भोकं पाडावी लागतील?

उतरायचं ४१व्या स्ट्रीटला, तिथून ३९वी-सातवं पाच मिनिटं. संध्याकाळचं बोलू नका. परतीला अशी लेन नाही. टर्मिनलमध्ये तिसऱ्या मजल्यावरची रांग जिना उतरून खाली आली की समजायचं, आज जेवण गार.

एडिसनकराला याचा उपयोग नाही, माहीत आहे. पण आपल्या मेलिंग लिस्टवर नोंद असू द्या.

---

प्रेषक : काका, साउथ ब्रन्सविक
बुधवार, दुपारी ३.३०

(घरी पोचलोसुद्धा.)

ताई, ट्रेनचं कौतुक पुरे. २०२४चा उन्हाळा आठवा. ओव्हरहेड वायर तुटतायत, सगळ्या देशाच्या बातम्यांत मॅनहॅटनच्या पेन स्टेशनची गर्दी. त्याच जुलैत भाडं १५ टक्के वाढलं, आणि यंदापासून दरवर्षी ३ टक्के. यंदा मे महिन्यात इंजिनीअरांचा संप : शुक्रवारी १६ तारखेला सुरू, रविवारी मिटला, ट्रेन धावल्या मंगळवारी. ट्रेनचे हडसनखालचे दोन बोगदे १९१०चे, सँडी वादळाच्या वेळी २०१२मध्ये खाऱ्या पाण्याने भरले, तेव्हापासून दुखणं चालूच. याच रेल्वेमार्गावरचा पोर्टल ब्रिजही १९१०चा. बोटीसाठी फिरवून उघडला की कधी कधी परत बसतच नाही, मग माणसं घण घेऊन त्याला ठोकून जागेवर आणतात. २०१०मध्ये तेव्हाचे गव्हर्नर ख्रिस्टींनी नव्या बोगद्याचं काम रद्द केलं नसतं तर आज आपण हे बोलत नसतो. आता २०३५ म्हणतात. तोवर मी रिटायर होऊन कोथरूडला.

---

प्रेषक : मेट्रोपार्कची ताई
बुधवार, रात्री ८.५५

काका, सगळं खरं. पुलाशेजारी नवा पूल जवळपास उभा राहिला आहे, एवढीच भर घालते.

ट्रेन वेळेवर येते असं मी कधीच म्हणणार नाही. पेन स्टेशनला संध्याकाळी सहाच्या सुमाराला जाऊन उभे राहा. चारपाचशे माणसं माना वर करून बोर्डाकडे बघत असतात, कोणी हलत नाही. ट्रॅक नंबर लागला की एकाच जिन्यावर सगळे तुटून पडतात. दादरला निदान कोणती गाडी कुठे लागते ते आधी माहीत असतं. पण गाडीत अडकलं तरी तेवढाच वेळ जातो, फरक इतकाच की तिथे ब्रेकवर पाय ठेवून बसावं लागतं आणि इथे मी भाजीची यादी करते, आईला फोन करते.

म्हणून ट्रेन बिघडणार हे धरूनच घर मांडायचं. एडिसनकरा, हे महत्त्वाचं : डेकेअर बायकोच्या ऑफिसजवळ घेऊ नकोस, घराजवळ घे, शक्यतो मेटचन स्टेशनहून चालत जाण्यासारखं. ट्रेन अडकली तर ती गाडीने पोचेल. रूट १ तुंबला तर तू उतरून थेट जाशील. दोन्ही एकाच संध्याकाळी बिघडणं क्वचित. डेकेअर प्लेन्सबरोला असेल तर रोजची जबाबदारी तिची एकटीची, आणि तिची मीटिंग लांबली की तू मॅनहॅटनमधून नुसता फोन करत बसशील. आमच्याकडे हाच घोळ वर्षभर चालला होता, लग्न टिकलं ही देवाची कृपा.

आणि ट्रेनचं वेळापत्रक बघताना एक ध्यानात ठेव : गर्दीच्या वेळी ट्रेंटनकडच्या बऱ्याच जलद ट्रेन मेटचन-एडिसनला थांबत नाहीत. डोळा लागून पुढे गेलास तर परत फिरावं लागेल.

---

प्रेषक : लिस्ट-संचालक
गुरुवार, सकाळी ९.०५

कृपया उत्तर देताना खालचा सगळा मजकूर कापा. सगळ्या मेलचं एकत्र डायजेस्ट घेणाऱ्यांना कन्जेशनचा दर प्रत्येक मेलमध्ये नव्याने वाचावा लागतो आहे.

विषय निघालाच आहे तर : एमटीएचे, म्हणजे न्यूयॉर्कच्या सबवे-बस चालवणाऱ्या संस्थेचे, आकडे सांगतात की दर लागू झाल्यापासून त्या भागात शिरणाऱ्या गाड्या सुमारे ११ टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणजे काकांचा रस्ता इतरांनी मोकळा केला आहे. त्यांनी ट्रेनवाल्यांना चहा पाजावा.

कोजागिरीच्या कार्यक्रमाला हॉलचं पार्किंग अपुरं आहे. मागच्या वर्षी एका घरातून तीन गाड्या आल्या होत्या. नाव घेत नाही.

---

प्रेषक : नवा एडिसनकर
गुरुवार, रात्री ९.४०

सगळ्यांचे आभार. आज ट्रेनने गेलो, मेटचनहून. मित्राने सोडलं. सकाळी उभ्यानेच, येताना बसायला मिळालं. शेजारचा माणूस नवार्कपासून घोरत होता आणि मेटचनला बरोबर जागा झाला, ती विद्या अजून यायची आहे.

घरी बसून हिशोब मांडला. दुसऱ्या गाडीचा हप्ता आणि इन्शुरन्सचे कोटेशन एकत्र धरलं तर साडेतीनशेच्या दुपटीच्या आसपास जातंय, टोल न धरता. बायको म्हणाली एक खोली कमी चालेल, सासूबाई आल्या की मी हॉलमध्ये झोपायचं. मेटचनचं घर उद्या पक्कं करतो.

एक प्रश्न उरला. तिथे घराला एकच पार्किंग आहे आणि बर्फात रस्त्यावर गाडी लावू देत नाहीत असं घरमालक म्हणतो. पाहुणे आले की तुम्ही काय करता?

---

प्रेषक : काका, साउथ ब्रन्सविक
शुक्रवार, पहाटे ३.४८

पाहुण्यांना ट्रेनने यायला सांग.

शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे जेवायला या तिघं. पण गाडी घेऊन या, आमच्या गावात स्टेशन नाही.