माउस बाजूला ठेवून जालवाचन : अनुभव धागा

धागाकर्ता :
जालावरची एखादी दीर्घ चर्चा मध्येच न भरकटता शेवटपर्यंत वाचणे हे अलीकडे कष्टाचे काम झाले आहे. कडेला ‘हेही वाचा’, वर सूचनांचा लाल ठिपका, खाली आपोआप सुरू होणारी चित्रफीत. हात माउसवर असला की यांपैकी काहीही एका टिचकीवर उघडते. मी ब्राउझरमध्ये व्हिमियम हे एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडायचे पूरक साधन) वापरतो. त्यात जे आणि के या कळांनी पान खाली-वर सरकते, स्लॅशने पानातला शब्द शोधता येतो आणि एफ दाबले की प्रत्येक दुव्यावर एक-दोन अक्षरांची चिठ्ठी उमटते. ती अक्षरे टंकली की तो दुवा उघडतो. अशा साधनांची स्तुती करताना नेहमी वेगाचा उल्लेख होतो. मला मात्र त्यांचा लाभ वेगळा वाटतो : दुवा उघडायचा तर आधी तसे ठरवावे लागते, आणि एफ दाबेपर्यंत समोरचे पान हा केवळ मजकूर असतो. आपण कोणते साधन कसे वापरता, ते कोठे अडते आणि वाचनात खरोखर काही फरक पडला का, हे सविस्तर लिहावे. साधनांच्या नुसत्या याद्या कृपया नकोत.

अधोरेखित :
मी टर्मिनलमध्ये (टंकलेल्या आज्ञांवर चालणाऱ्या, केवळ मजकूर दाखवणाऱ्या खिडकीत) लिंक्स (Lynx) हा ब्राउझर वापरते. १९९२ साली कॅन्सस विद्यापीठात सुरू झालेला हा ब्राउझर अजूनही चालतो. चित्रे नाहीत, जाहिराती नाहीत. खालच्या बाणाने पुढच्या दुव्यावर जायचे, उजव्या बाणाने तो उघडायचा आणि डाव्या बाणाने परतायचे, एवढेच शिकावे लागते. याच्या दोन मर्यादा मात्र स्पष्ट सांगायला हव्यात. ज्या संकेतस्थळांचा मजकूर जावास्क्रिप्ट (पानासोबत येणारी आज्ञावली) चालल्यावरच उमटतो, ती येथे जवळजवळ कोरी दिसतात. दुसरी मर्यादा आपल्या लिपीची आहे. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचा चौकोन देते. देवनागरीतील जोडाक्षरे आणि वेलांट्या त्यात नीट बसत नाहीत, त्यामुळे अनेक टर्मिनलांत ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी दिसते. म्हणून मी इंग्रजी तांत्रिक चर्चा लिंक्समध्ये वाचते आणि मराठीसाठी फायरफॉक्सच्या, फक्त लेखाचा मजकूर दाखवणाऱ्या वाचन-दृश्याकडे वळते. तेथेही माउस लागत नाही. लिनक्सवर कंट्रोल, ऑल्ट आणि आर या तीन कळा पुरतात.

तिसरीओळ :
माझ्या मते संकेतस्थळावर न जाणे हाच खरा उपाय आहे. मी न्यूजबोट ही फीड वाचण्याची प्रणाली वापरतो. ज्या ठिकाणांचे आरएसएस फीड (नव्या लेखांची आपोआप अद्ययावत होणारी यादी) मिळते, त्यांचे पत्ते एका साध्या मजकूर-फाइलीत लिहून ठेवायचे. मग टर्मिनलमध्ये केवळ शीर्षकांची यादी दिसते. एन दाबले की पुढचा न वाचलेला लेख येतो, क्यू दाबले की मागे जाता येते. काय वाचायचे हे येथे यादी पाहतानाच ठरते, आणि त्या वेळी पान आपल्याला खुणावायला समोर नसते. नको असलेले विषय गाळण्याचा नियमही फाइलीतच लिहिता येतो. ही कल्पना जुनी आहे. लॅरी वॉल यांनी १९८४ साली यूजनेट या जुन्या चर्चागटांच्या जाळ्यासाठी लिहिलेल्या ‘आरएन’ या वाचन-प्रणालीत ‘किल फाइल’ होती : एखादा विषय किंवा एखाद्या लेखकाचे नाव तिच्यात घातले की तसे संदेश पुन्हा समोर येत नसत. आजच्या बहुतेक संकेतस्थळांवर काय दाखवायचे ते चालक ठरवतात. तेव्हा काय दाखवायचे नाही, हे वाचक ठरवत असे. अडचण एकच : पुष्कळ फीडांत लेखाचा पहिला परिच्छेदच असतो, आणि मग ब्राउझर उघडणे भागच पडते.

विरामचिन्ह :
थोडा विरोधी सूर लावतो. कळफलकामुळे भरकटणे कमी होतेच असे नाही. हात बसला की ते उलट अधिक सोपे होते. मी क्यूटब्राउझर हा कळफलकावर चालणारा ब्राउझर वापरतो. त्यात दुवे मागच्या टॅबमध्ये उघडणे इतके सहज आहे की एक चर्चा वाचून संपण्यापूर्वीच टॅबांची रांग लागते. शिवाय पत्ता लिहायला ओ दाबले की पूर्वी पाहिलेल्या पानांच्या सूचना समोर येतात आणि मूळ हेतू बाजूला राहतो. फरक पडला तो मांडणी बदलल्यावर. टॅबांची पट्टी कायमची लपवली, सूचनांमधून इतिहास काढून टाकला आणि फक्त स्वतः नोंदवलेल्या पानांच्या खुणा (बुकमार्क) ठेवल्या. आता बी दाबून खुणेचे नाव टंकावे लागते, म्हणजे कोठे जायचे आहे हे आधी आठवावे लागते. धागाकर्त्यांचा ‘आधी ठरवावे लागते’ हा मुद्दा मला मान्य आहे, पण तो गुण कळांमध्ये आपोआप येत नाही.

कानोसा :
मी दृष्टिहीन आहे. त्यामुळे माझ्यापुरता माउस बाजूला ठेवण्याचा प्रश्नच नाही. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरमध्ये (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीत) एच दाबले की पुढचे शीर्षक, के दाबले की पुढचा दुवा आणि क्यू दाबले की पुढचे अवतरण ऐकू येते. प्रत्येक प्रतिसादाला खरे शीर्षक दिलेले असेल तर एच दाबत प्रतिसादामागून प्रतिसाद वाचता येतात. शीर्षकाऐवजी केवळ ठळक अक्षरे वापरली असतील, तर तेच पान ओळ-ओळ ऐकत चाचपडावे लागते. येथे अनेकांनी चित्रांचा व जाहिरातींचा त्रास सांगितला आहे. मला त्याहून अधिक त्रास स्वतःहून बदलणाऱ्या मजकुराचा होतो, कारण चालू वाक्य तोडून ‘तीन नवे संदेश’ असे मध्येच ऐकू येते. एनव्हीडीएची मुख्य कळ आणि पाच हा आकडा एकत्र दाबल्यास या घोषणा बंद होतात. ही सोय पुष्कळांना माहीत नसते, म्हणून मुद्दाम लिहिले.

शाईपेन :
एक शंका. मी इन्स्क्रिप्ट या कळफलक-मांडणीने मराठी लिहिते. प्रतिसाद लिहून झाल्यावर जे दाबले तर व्हिमियम हालतच नाही. प्रत्येक वेळी भाषा बदलावी लागते का?

धागाकर्ता :
नाही. इन्स्क्रिप्टमध्ये त्या कळेवर ‘र’ आहे, त्यामुळे व्हिमियमला जे दाबलेले कळतच नाही. त्याच्या पर्यायांत कळफलकाची मांडणी दुर्लक्षित करण्याची एक खूण आहे. ती केल्यास कोणतीही भाषा चालू असली तरी कळेची जागाच विचारात घेतली जाते.