पुराची रेघ कोणाची खरी, गाळाची की उपग्रहाची?

वैनगंगाकाठचा
ऑगस्ट २०२० च्या अखेरीस पावसाने झोडपलं मध्य प्रदेशाला आणि बुडालो आम्ही. गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडले, ब्रह्मपुरी तालुक्यातल्या आमच्या गावात शाळेच्या खिडकीपर्यंत पाणी चढलं. भिंतीवर गाळाची स्वच्छ रेघ उमटली होती. दिवाळीला चुना मारला, रेघ गेली. माझं म्हणणं एवढंच, की पूर ओसरल्याच्या आठवड्यात प्रत्येक गावाने खिळा ठोकून, ऑइल पेंटने खूण करावी. पुराचा नकाशा त्या खुणांवरून काढावा, आकाशातून नको.

नागपूरकर_नकाशे
मला हे पटत नाही. सेंटिनेल-१ या उपग्रहाचं रडार ढगांतूनही पाहतं, रात्रीही पाहतं. शांत पाण्यावरून रडारची लहर पलीकडे निघून जाते, म्हणून पाणी काळं दिसतं. सगळा तालुका एका चित्रात येतो आणि त्यात कोणाचा हितसंबंध नसतो. भिंतीवरच्या खुणांचं काय? पंचनाम्याच्या दिवशी गाळ हातभर वर चढतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

धानवाली
काहून हो, आम्ही गाळ चढवतो? ऑगस्टात रोवणी झालेली असते, आमच्या धानाच्या बांध्या आधीच पाण्यानं भरलेल्या. तुमच्या उपग्रहाला बांधीतलं पाणी कोणतं न पुराचं कोणतं, हे कसं कळते?

नागपूरकर_नकाशे
पुराआधीचं चित्र शेजारी ठेवून. जे आधीही काळं होतं, ते वजा करायचं.

धानवाली
म्हणजे बांधीवर पूर आला तर तोही वजा! अन् उपग्रह त्याच वाटेनं परत येते १२ दिवसांनी. पाणी आमच्याकडं थांबलं दोन-तीन दिवस. त्याला काय आम्ही थांबवून ठेवावं?

गेजवाला (निवृत्त)
नोकरीभर नदीची गेजपट्टी, म्हणजे पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी, वाचली, म्हणून थोडं लांबण लावतो.

मातीची भिंत पाणी शोषते, ओल पातळीच्या बरीच वर जाते. ओल मोजाल तर फसाल, गाळ बघा. बाभळीला अडकलेला कचराही धारेच्या बाजूने उंच साचतो. सगळ्यात खरी रेघ बंद खोलीत सापडते, कारण तिथे लाटा नसतात. ती उंची मोजायच्या लेव्हल मशीनने जवळच्या बेंचमार्कशी, म्हणजे उंची ठाऊक असलेल्या पक्क्या खुणेशी, जोडली नाही, तर ती नुसती आठवण. मोबाइलवरची उंची तर कृपा करून कोणी लिहू नका, ती कित्येक मीटर चुकते.

अशा खुणांवरून पाण्याचा उतार काढतात, नदीचा छेद घेतात आणि मॅनिंगच्या सूत्रात ते घालून प्रवाह काढतात. पण काठावर बेशरमाची झुडपं आहेत की तूर, त्यावर खडबडीतपणाचा आकडा अंदाजाने धरावा लागतो. गेज केंद्राचंही काही वेगळं नाही. ऐन पुरात ओंडके वाहत असतात, पुलावरून करंट मीटर (पाण्याचा वेग मोजायचं यंत्र) सोडवत नाही. पातळी वाचतो आणि त्या पातळीला किती प्रवाह, ते आलेखावरून घेतो. त्या आलेखाचं वरचं टोक कोणी मोजलेलं नसतं, पेन्सिलीने पुढे ओढलेलं असतं.

वणीचा_पाहुणा
जुलै २०२२ मध्ये वर्धा नदी आमच्या शेतात आलीच नाही. पण तिने नाल्याचं पाणी आत घेतलं नाही, फुगवट्याने नाल्याचंच पाणी मागे चढलं. वावर बुडालं नाल्याने. नकाशावर मात्र नदीचा पूर नदीकाठी, आम्ही कोरडे. ही तुमची तटस्थता.

नागपूरकर_नकाशे
उभ्या पिकाखालचं पाणी रडार चुकवतं, हे कबूल. तरी दहा खुणांवरून तालुक्याचा नकाशा होत नाही. दोन खुणांच्या मध्ये तुम्ही काय भरणार? जमिनीच्या उंचीचं मॉडेल. तेही आकाशातूनच येतं.

वैनगंगाकाठचा
भरा ना! पण टेकू खुणेचा हवा. तुमच्या चित्रात पाणी कुठवर पसरलं ते दिसेल, किती खोल होतं ते दिसणार नाही. जोतं किती उंच बांधायचं ते त्या खोलीवर ठरतं.

नागपूरकर_नकाशे
आणि खूण खोटी असली तर जोतंही खोटं. मी माझ्या मतावर ठाम आहे.

वैनगंगाकाठचा
गेजवाले काका, तुमचं वाचून शाळेत जाऊन आलो. बंद खोलीत फळा काढून पाहिला. मागे चुना पोचलाच नव्हता, २०२० ची रेघ तशीच आहे. लेव्हल मशीन कोणाकडे मिळेल? रविवारी शाळेची किल्ली माझ्याकडे आहे.

धानवाली
नागपूरवाल्या भाऊलेही बोलवा.