१७६४चं मृत्युपत्र, १७७१ची विक्री आणि मधलं खरेदीखतच नाही (व्हर्जिनिया)

बॅनिस्टरकाठ

व्हर्जिनियाच्या हॅलिफॅक्स काउंटीतल्या एका तंबाखू पिकवणाऱ्या घराण्याची साखळी लावतेय. तीन ठिकाणी अडलं आहे.

एक. वडिलांचं मृत्युपत्र १७६४ मध्ये कोर्टात शाबीत झालं. राहतं घर आणि भोवतालची जमीन बायकोला हयातीपुरती, तिच्या पश्चात धाकट्या दोन मुलांना निम्मी-निम्मी. लग्न झालेल्या मुलीला एक शिलिंग. पुढे १७७१ मध्ये त्याच आडनावाचा एक माणूस पिट्सिल्व्हेनिया काउंटीत बॅनिस्टर नदीवरची ४०० एकर जमीन विकतो. त्याने ती विकत घेतल्याचं खत कुठेच नाही, मृत्युपत्रातही त्याचं नाव नाही. हा मुलगा धरायचा की पुतण्या?

दोन. १७५८ मध्ये वडिलांनी दुसरी एक जमीन पाच शिलिंगला एका वर्षाच्या पट्ट्याने घेतली, वर्षाचं भाडं मक्याचं एक कणीस. मग तीच जमीन मृत्युपत्रात स्वतःची म्हणून कशी येते?

तीन. मृत्युपत्रात सहा गुलाम माणसांची नावं आहेत. ती पुढे कुठे गेली हे शोधायला कोणते कागद पाहावेत? खरं तर माझा ओढा याच प्रश्नाकडे जास्त आहे.

जुनंदप्तर

दुसरा प्रश्न आधी, कारण तो लगेच सुटतो. तो भाडेपट्टा नाही, खरेदीच आहे. त्या काळी जमीन विकायची रूढ रीत म्हणजे 'लीज अँड रिलीज', दोन कागदांची जोडी. पहिल्या दिवशी नाममात्र पाच शिलिंगला वर्षाचा पट्टा द्यायचा, म्हणजे कायद्याच्या भाषेत घेणाऱ्याकडे ताबा जातो. दुसऱ्या दिवशीच्या कागदाने मालकीचा उरलेला हक्क सोडायचा. कणीस किंवा मिरीचा दाणा हे भाडं नावापुरतं. नोंदवहीत पुढचं पान उलटा. आदल्या तारखेचा हवाला देणारा मोठा कागद मिळेल, खरी किंमत त्यात असते. अनुक्रमणिकेत कधीकधी दोन्ही एकाच ओळीत घातलेले असतात आणि फक्त पहिल्याच पानाचा आकडा दिलेला असतो, त्यामुळे लोक तिथेच थांबतात.

आता पहिला प्रश्न. तिथे आपल्यासारखा सातबारा नाही आणि फेरफारही नाही. कोणी वारला म्हणून तलाठी वारसाची नोंद घालतो अशी सोयच नव्हती. खत होतं ते फक्त विकताना, बक्षीस देताना किंवा गहाण ठेवताना. वारशाने आलेली जमीन एकही नवा कागद न होता पुढच्या पिढीकडे जायची. म्हणून विकणाऱ्याचं खरेदीखत न सापडणं ही उणीव समजू नका, तोच धागा आहे. त्याला जमीन वारशाने, मृत्युपत्राने किंवा लग्नातून आली असा तर्क आधी करायचा आणि मग तो सिद्ध करायचा.

व्हर्जिनियात १ जानेवारी १७८७ पर्यंत मृत्युपत्राबाहेर राहिलेली जमीन सगळ्या मुलांत वाटली जात नसे. ती पूर्ण थोरल्या मुलाला जायची. त्यामुळे थोरल्याला मृत्युपत्रात काही लिहून ठेवायची गरजच नसे, आणि त्याचं नाव नसणं म्हणजे त्याला तोडलं असं मुळीच नाही. मुलीच्या एका शिलिंगाचंही तेच. बहुतेकदा तिला लग्नातच तिचा वाटा मिळालेला असतो, आणि शिलिंग एवढ्यासाठी की बाप तिला विसरला असा दावा पुढे कोणी करू नये.

मृत्युपत्राच्या दोन तारखा वेगळ्या लिहून काढा: लिहिल्याची आणि शाबीत झाल्याची. हे कळीचं आहे. त्या वेळच्या नियमाने मृत्युपत्रातून तेवढीच जमीन जायची जी ते लिहिताना हातात होती. नंतर मिळालेली जमीन, मृत्युपत्रात 'उरलेलं सगळं अमक्याला' असं लिहिलेलं असलं तरी, थोरल्या वारसाकडे जायची. तेव्हा त्या ४०० एकरांची सनद, म्हणजे पेटंट, कोणत्या सालची आहे ते शोधा. व्हर्जिनियाची पेटंटं १६२३ पासून बरीचशी सलग आहेत, आणि रिचमंडच्या लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या संकेतस्थळावर मूळ पानांची चित्रं फुकट दिसतात.

काउंटीचं नाव पाहून मात्र फसू नका. जमीन हलत नाही, काउंटी हलते. ब्रन्सविकमधून १७४६ मध्ये लुनेनबर्ग निघाली, तिच्यातून १७५२ मध्ये हॅलिफॅक्स, आणि हॅलिफॅक्समधून १७६७ मध्ये पिट्सिल्व्हेनिया. एकाच ओढ्याकाठची जमीन चार नावांखाली सापडू शकते.

आणखी एक: ४०० हा आकडा जुळला म्हणून तीच जमीन असं धरू नका. ४०० एकरांपर्यंत काउंटीच्या मोजणीदाराकडे नोंद करून काम भागायचं, त्याहून जास्त हवी असेल तर गव्हर्नरच्या कौन्सिलचा हुकूम लागायचा. म्हणून ४०० एकरांच्या सनदा ढिगाने आहेत. दर ५० एकरांना पाच शिलिंग, त्यामुळे अशा सनदेत 'चाळीस शिलिंग' लिहिलेलं दिसेल.

तेहतीसफुटी

जमीन तीच की दुसरी हे चतुःसीमेवरून ठरवायचं, आणि त्यासाठी नकाशा काढावाच लागतो. गट नंबर वगैरे काही नाही. वर्णन असं असतं: 'नदीकाठच्या पांढऱ्या ओकपासून उत्तर ३० अंश पूर्व, १२० पोल, तिथे हिकरीचं झाड'. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट, चार पोल म्हणजे ६६ फुटांची साखळी, १६० चौरस पोल म्हणजे एक एकर. आपला गुंठा ३३ बाय ३३ फुटांचा, म्हणजे बरोबर दोन पोल बाय दोन पोल. ४०० एकर म्हणजे ६४,००० चौरस पोल.

१:२४,००० च्या नकाशावर १०० पोल सुमारे २१ मिलिमीटर येतात. कोनमापक आणि पारदर्शक कागद घेऊन आधी सनद काढा, मग १७७१चं खत वेगळ्या कागदावर. डीडमॅपरसारखी सॉफ्टवेअर आहेत, पण पहिले दोन-चार तुकडे हाताने काढावेत, म्हणजे चूक कुठे होते ते कळतं. दोन्ही कागद एकावर एक ठेवून फिरवा. मोजणी चुंबकसूचीवर केलेली असते, त्यामुळे खऱ्या उत्तरेपासून काही अंश फरक पडतो, आणि नवी मोजणी झाली असेल तर दोन खतांतही फरक दिसतो. आकार तोच असेल आणि फक्त दोन-तीन अंशांनी फिरला असेल तर काळजी नको.

शेवटची रेघ सुरुवातीच्या झाडाला मिळाली नाही तर तीन गोष्टी तपासा. कारकुनाने नक्कल करताना उत्तरेचं दक्षिण केलं असेल. एखादी बाजू गाळली असेल. एकाच झाडाचं नाव लागोपाठ दोनदा आलं की नजर एक ओळ खाली घसरते आणि मधली बाजूच जाते. किंवा २०० चे २० झाले असतील. एका वेळी एकच बाजू बदलून पाहायची. नदीकाठाची बाजू 'नदीच्या वळणांप्रमाणे' एवढंच म्हणते, तिथे आकडा नसतो. ती उरलेल्या बाजू बसवून मग नकाशातल्या पात्रावरून घ्यायची.

शेजाऱ्यांच्या हद्दीही उतरवून घ्या. 'अमक्याची रेघ' असं लिहिलेलं असतं, त्या अमक्याच्या खतात तुमच्या घराण्याचं नाव उलट बाजूने येतं. शिवाय दर चार वर्षांनी चर्चची समिती दोन-दोन माणसं नेमून हद्दीवरून फिरवायची, झाडांवरच्या खुणा ताज्या करायची. हॅलिफॅक्सच्या ॲन्ट्रिम पॅरिशचं (एका चर्चच्या हद्दीतल्या मुलखाचं) पुस्तक १७५२ पासूनचं शिल्लक आहे. तिथे १७६४ नंतर त्या जमिनीपुढे कोणाचं नाव येतं ते पाहा.

बॅनिस्टरकाठ

दोघांचेही आभार. पुढचं पान उलटलं, रिलीज तिथेच होती. मृत्युपत्र मार्च १७५९ मध्ये लिहिलेलं आहे. सनद सापडली: वडिलांच्या नावे, १७६१ ची, चाळीस शिलिंग. आकृती १७७१च्या खताशी जुळते, फक्त सव्वादोन अंशांनी फिरलेली. खताच्या शेवटी एका बाईने हक्क सोडल्याची नोंद आहे. पहिलं नाव आईचं, आडनाव वेगळंच.

जुनंदप्तर

मग गाठ जवळजवळ सुटली. सनद मृत्युपत्रानंतरची आणि मृत्यूपूर्वीची, म्हणजे ती जमीन मृत्युपत्राबाहेर राहून थोरल्या वारसाकडे गेली. पुतण्याला ती अशी मिळणं शक्य नव्हतं, मुलगे हयात असताना तर नाहीच.

त्या बाईच्या नोंदीतले शब्द नीट वाचा. विधवेला नवऱ्याच्या जमिनीत हयातीपुरता एक तृतीयांश हक्क असायचा, त्याला डाउअर म्हणत, आणि तो सोडवून घेतल्याशिवाय शहाणा गिऱ्हाईक पैसे देत नसे. पण विकणाऱ्याच्या बायकोचाही असाच हक्क असतो. कोर्टाने नेमलेले न्यायाधीश तिला नवऱ्यापासून बाजूला नेऊन, ती राजीखुशीने सही करते का हे विचारत, आणि तशी नोंद होई. तेव्हा ही विकणाऱ्याची बायको आहे, की 'अमक्याची विधवा, आता तमक्याची बायको', हे ठरवा. दुसरं असेल तर त्या एका ओळीत वडिलांची मालकी, आईचं दुसरं लग्न आणि मुलाचं नातं तिन्ही आलं.

तरी कोर्टाची ऑर्डर बुकं, म्हणजे कामकाजाच्या वह्या, पाहाच, १७६४च्या त्या महिन्याची. मृत्युपत्र दाखल झाल्याच्या नोंदीत कधीकधी कायदेशीर वारसाला हजर राहायला बोलावल्याचं लिहिलेलं असतं. तिथे त्याचं नाव आलं तर वादच मिटला. या वह्यांना बहुधा धड अनुक्रमणिका नसते, पानोपान वाचावं लागतं. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळाचा पूर्ण-मजकूर शोध वापरणार असाल तर आडनावापेक्षा ओढ्याचं किंवा शेजाऱ्याचं नाव घाला. जुना लांब 'एस' यंत्र 'एफ' वाचतं.

आडनाव बदललं की साखळी कशी तुटल्यासारखी वाटते, याचा नमुना माउंट व्हर्ननचा आहे. १६७४ मध्ये ५,००० एकर जॉन वॉशिंग्टन आणि निकोलस स्पेन्सर यांच्या नावे, १६९० मध्ये वाटणी. जॉनचा मुलगा लॉरेन्स १६९८ मध्ये वारला, त्याने आपला निम्मा भाग मुलगी मिल्ड्रेडला दिला. १७२६ मध्ये विकणारे म्हणून येतात रॉजर ग्रेगरी आणि त्याची बायको, घेणारा ऑगस्टीन वॉशिंग्टन, किंमत १८० पौंड. ग्रेगरींचं खरेदीखत शोधत बसलात तर जन्मात सापडणार नाही, कारण ती बायको म्हणजे मिल्ड्रेडच, ऑगस्टीनची सख्खी बहीण. पुढे ऑगस्टीनच्या १७४३च्या मृत्युपत्राने जमीन मुलगा लॉरेन्सला (हा दुसरा लॉरेन्स) आणि १७५२ मध्ये तो गेल्यावर विधवेला हयातीपुरती. जॉर्ज वॉशिंग्टन १७५४ पासून तिथे भाडेकरू होते, मालक झाले १७६१ मध्ये, ती वारल्यावर.

नावंजपा

तिसऱ्या प्रश्नावर लिहिते.

आईचं दुसरं लग्न झालं असेल तर त्या सहांपैकी काही माणसं नव्या नवऱ्याच्या घरी गेली असणार. व्हर्जिनियाच्या १७०५च्या कायद्याने गुलाम माणसांना वारशापुरतं जमिनीसारखं धरलं, आणि ती स्थिती १७९२ पर्यंत राहिली. विधवेचा एक तृतीयांश हयातीपुरता हक्क त्यांच्यावरही लागायचा. म्हणून ती वारल्यावर वाटणीचा नवा कागद होतो आणि तीच नावं वीस-तीस वर्षांनी पुन्हा वर येतात. तिचं मृत्यूचं साल शोधा आणि त्यापुढची दोन-तीन वर्षं चाळा.

मृत्युपत्र, मालमत्तेची यादी, वाटणी आणि कारभाऱ्यांचा हिशेब हे चार वेगळे कागद. नावं प्रत्येकातून जशीच्या तशी, त्याच क्रमाने उतरवा. क्रम बदलू नका. यादी करणारे तीन-चार शेजारी वस्तीवर फिरत लिहायचे, त्यामुळे लागोपाठच्या ओळींत आई आणि लेकरं येतात. 'बाई आणि तिचं मूल' अशी एकच किंमत लावलेली असते. वर्णानुक्रमे लावलंत की कुटुंबं मोडतात. यादीत मृत्युपत्रापेक्षा जास्त नावं निघाली तर ती मधल्या पाच वर्षांत जन्मलेली किंवा विकत घेतलेली. कमी निघाली तर कोणाला आधीच मुलीच्या सासरी दिलं होतं का ते तिच्या नवऱ्याच्या कागदांत पाहा. किमती व्हर्जिनियाच्या चलनात असतात, स्टर्लिंगमध्ये नाही.

पुढे कराच्या याद्या. सोळा वर्षांवरची गुलाम माणसं, बाया आणि पुरुष दोन्ही, करपात्र होती, गोऱ्यांमध्ये मात्र फक्त पुरुष. पिट्सिल्व्हेनियाची १७६७ची यादी शिल्लक आहे. १७८२ पासून मालमत्ताकराच्या याद्या सुरू होतात आणि पहिल्या काही वर्षांत अनेक ठिकाणी गुलाम माणसांची नावं दिलेली आहेत. भावाभावांत तंटा झाला असेल तर चान्सरी कोर्टाचे, म्हणजे वाटणी-वारशाचे तंटे सोडवणाऱ्या कोर्टाचे, दावे बघा. वाटणीवर भांडताना लोक तीन पिढ्यांची माहिती शपथेवर सांगतात, आणि गुलाम कुटुंबांच्या पिढ्या इतक्या स्पष्ट दुसरीकडे क्वचितच मिळतात.

तेहतीसफुटी

१७७१ नंतर विकणारा नकाशातून नाहीसा झाला तर दक्षिणेकडे बघा. नॉर्थ कॅरोलिनाचे कागद रॅलेला. साउथ कॅरोलिनात त्या काळची मृत्युपत्रं काउंटीत शोधू नका, १७८०च्या दशकापर्यंत सगळं चार्ल्सटनमध्येच नोंदलं जायचं. तिथली 'मेमोरियल' नावाची पुस्तकं, १७३१ ते १७७५, मुद्दाम पाहा: शेतसाऱ्यासाठी जमीनदाराला आपल्याकडे जमीन कोणाकोणाच्या हातून आली ते लिहून द्यावं लागायचं. व्हर्जिनियात जी साखळी तुम्ही एकेक कडी जोडून लावताय, ती तिथे एका परिच्छेदात मिळते.

बॅनिस्टरकाठ

नोंदीत 'विधवा, आता तमक्याची बायको' असंच आहे. त्या तमक्याचं नाव १७६७च्या यादीत मिळालं, आणि मृत्युपत्रातल्या सहांपैकी दोन नावं त्याच्या नावाखाली आहेत. आता आईच्या मृत्यूच्या सालापासून पुढच्या वाटण्या चाळायला घेते.