विंडोज ११ : रिसेट मारला तरी व्हायरस परत येतो का?

माळरान

असेंबल्ड पीसी, ८ जीबी रॅम. २५६ जीबी एसएसडीवर सी ड्राइव्ह, १ टीबीच्या जुन्या हार्डडिस्कवर डी आणि ई. विंडोज ११ होम, ओरिजिनल, अ‍ॅक्टिव्हेटेड. आठवडाभरापासूनचा त्रास असा:

१. क्रोममध्ये काहीही शोधलं की भलतंच सर्चचं पान उघडतं.
२. उजव्या कोपऱ्यात ‘तुमच्या पीसीत ५ व्हायरस’ अशा पाट्या येतात.
३. पेनड्राइव्ह लावला की फोल्डर गायब, त्याच नावाचे शॉर्टकट दिसतात.
४. डिफेंडरचं (विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस) रिअल टाइम प्रोटेक्शन चालू केलं की आपोआप बंद.

रिसेटमध्ये ‘कीप माय फाइल्स’ घ्यावं की ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’? सी वर टॅलीप्राइम (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आहे, डी वर श्रीलिपीतली (मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर) पत्रं आणि बरेच जुने सेटअप.

खटपट्या

चारही लक्षणं एकाच व्हायरसची नाहीत, म्हणून आधी वेगळी करू.

दुसऱ्या क्रमांकाच्या पाट्या बहुतेक वेळा व्हायरस नसतातच. कुठल्यातरी साइटने नोटिफिकेशनची परवानगी मागितली आणि ‘अलाउ’ दाबलं गेलं, एवढंच. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथल्या अनोळखी साइट काढून टाका. पहिला प्रकार एक्स्टेन्शनचा, म्हणजे क्रोमला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमचा दिसतो. मात्र क्रोमचं सिंक (सेटिंग्ज गूगल खात्यात साठवणं) चालू असेल तर रिसेटनंतर लॉगिन केल्या केल्या तेच एक्स्टेन्शन हजर होतं आणि मग लोक म्हणतात, ‘फॉरमॅट करूनही गेला नाही’. ते आत्ताच, सिंक चालू असताना काढा, म्हणजे खात्यातूनही जाईल.

खरी काळजी तिसऱ्या-चौथ्याची. डिफेंडर बंद पाडायला अ‍ॅडमिनचे हक्क लागतात, म्हणजे पाहुणा माजघरापर्यंत पोचलाय. डिफेंडरमधली ‘एक्सक्लूजन्स’ची, म्हणजे स्कॅनमधून वगळलेल्या जागांची यादी उघडून बघा. तिथे अख्खा सी ड्राइव्ह किंवा तुम्ही कधी न घातलेलं फोल्डर दिसलं, तर शंकेला जागाच नाही. अशा मशीनवर ‘कीप माय फाइल्स’ नको. त्यात प्रोग्रॅम जातात, पण डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स जशीच्या तशी राहतात, आणि आजाराचं मूळ बऱ्याचदा डाउनलोड्समध्येच असतं.

रस्ता असा: सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, रिसेट पीसी. ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ घ्या, नंतर ‘क्लाउड डाउनलोड’. ‘लोकल रीइन्स्टॉल’ मशीनवरच्याच फाइलींतून विंडोज पुन्हा उभं करतं, क्लाउडमध्ये ताजी प्रत उतरते, साधारण ४ जीबी. पुढे ‘चेंज सेटिंग्ज’मध्ये दोन गोष्टी तपासा. ‘क्लीन डेटा’ची गरज मशीन विकताना असते, इथे नुसते तास जातील. आणि ‘डिलीट फाइल्स फ्रॉम ऑल ड्राइव्ह्ज’ बंदच ठेवा, नाहीतर डी आणि ई दोन्ही साफ होतील.

मध्येच टक्के एकाच आकड्यावर बराच वेळ थांबतात. पॉवरचं बटण दाबू नका. अर्धवट रिसेट म्हणजे सरळ पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल करायची वेळ.

हिशेबनीस

टॅलीबद्दल. सी वर असेल तर ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’मध्ये डेटाही जाणार. आधी टॅलीतच ऑल्ट+वाय दाबून बॅकअप घ्या, शिवाय डेटाचं फोल्डर वेगळं कॉपी करा. कंपनीच्या यादीच्या स्क्रीनवर त्याचा मार्ग दिसतो. आत पाच-सहा आकडी नावाची फोल्डरं असतात, एक कंपनी म्हणजे एक फोल्डर. रिसेटच्या आधी टॅलीचं लायसन्स सरेंडर करा, म्हणजे या मशीनवरून सोडवा, म्हणजे नव्याने चालू करताना अडत नाही. टॅलीची जुनी सेटअप फाइल मात्र ठेवू नका, कंपनीच्या साइटवरून ताजी घ्या.

श्रीलिपीच्या पत्रांत कुणाचं लक्ष जात नाही अशी एक गोम आहे. मजकूर डी वर सुरक्षित राहील, पण फॉन्ट सी वर असतात. ते गेले की वर्डमध्ये मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते आणि फाइल व्हायरसने बिघडवली असं वाटतं. फाइल ठीकच असते. सॉफ्टवेअरची सीडी, की किंवा डोंगल आधी शोधून ठेवा. सुटे टाकलेले फॉन्ट असतील तर कंट्रोल पॅनलच्या फॉन्ट्समधून कॉपी करून घ्या. डिजिटल सिग्नेचरचं टोकन वापरत असाल तर त्याचा ड्रायव्हरही पुन्हा टाकावा लागेल.

जुना_कीबोर्ड

वरचं सगळं बरोबर, पण डी-ई तसेच राहिले तर खेळ पुन्हा सुरू होईल. त्या ‘बऱ्याच जुन्या सेटअप’मध्ये एखादा क्रॅक किंवा अ‍ॅक्टिव्हेटर (पैसे न भरता सॉफ्टवेअर चालू करणारा प्रोग्रॅम) असणारच. एक्सई, एमएसआय, व्हीबीएस, बॅट, एससीआर, एलएनके : या जातीची, म्हणजे दाबली की काहीतरी चालवणारी, एकही फाइल ठेवू नका. फोटो, पीडीएफ, वर्ड, एक्सेल तेवढे घ्या.

शॉर्टकटचं तंत्र असं. मूळ फोल्डर लपवून त्याला सिस्टिम फाइलचा शिक्का मारलेला असतो. शॉर्टकट दाबला की आधी लपलेली स्क्रिप्ट चालते, मग खरं फोल्डर उघडतं, म्हणून संशय येत नाही. उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये ‘टार्गेट’ वाचा, सीएमडी किंवा डब्ल्यूस्क्रिप्ट (आज्ञा आणि स्क्रिप्ट चालवणारे विंडोजचे प्रोग्रॅम) दिसेल. नुसतं ‘हिडन आयटम्स’ दाखवून खरं फोल्डर दिसत नाही. फोल्डर ऑप्शन्समध्ये ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ची खूणही काढावी लागते. हे साफ मशीनवरच करा, आतला माल नव्या फोल्डरात घ्या आणि पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. नाहीतर झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला गेलात की तिथेही प्रसाद वाटून याल.

पासवर्ड मोबाइलवरून बदला, या पीसीवरून नाही. आधी ईमेल, मग नेटबँकिंग. ‘साइन आउट ऑफ ऑल डिव्हाइसेस’ही करा, कारण ब्राउझरमधल्या कुकीज चोरीला गेल्या असतील तर पासवर्ड न विचारता आत शिरता येतं. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ बघा. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर रिसेट थांबवा आणि लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा.

माळरान

एक्सक्लूजन्समध्ये खरंच अख्खा सी ड्राइव्ह आहे! नेट मोबाइलचंच, दिवसाला २ जीबी. ४ जीबी कसे उतरवू?

खटपट्या

मग रिसेटचा नादच सोडा. वायफाय असलेल्या दुसऱ्या, साफ मशीनवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल चालवून किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह बनवा. त्यातलं सगळं पुसलं जातं, म्हणून शॉर्टकटवाला वापरू नका.

पीसी बंद करून प्लग काढा आणि १ टीबी हार्डडिस्कची साटा केबल सोडवा. चुकीची डिस्क पुसली जाण्याची भीती तिथेच संपते. मग पेनड्राइव्ह लावून पीसी चालू करा आणि बूट मेनूत (पीसी कशावरून सुरू व्हायचा त्याची यादी) तो निवडा. बूट मेनूचं बटण गिगाबाइट बोर्डावर एफ१२, एमएसआय आणि अ‍ॅझरॉकवर एफ११, असूसवर एफ८. एसएसडीवरची सगळी पार्टिशन्स डिलीट करून ‘अनअ‍ॅलोकेटेड’ एवढीच ओळ उरली की नेक्स्ट. प्रॉडक्ट की विचारली तर ‘नाही’ म्हणा आणि होमच निवडा. लायसन्स मदरबोर्डाशी जोडलेलं आहे, नेट लागल्यावर आपोआप चालू होईल.

नेटसाठी मोबाइल यूएसबी टेदरिंगने जोडा, आणि डेस्कटॉप आल्यावर पहिल्यांदा ते कनेक्शन ‘मीटर्ड’ (मोजक्या डेटाचं) करा, नाहीतर अपडेट २ जीबी गिळून टाकतील. डिफेंडरची व्याख्या-फाइल (व्हायरस ओळखायची यादी) हाताने अपडेट करा. मग बंद करून केबल परत लावा, आणि डी-ई उघडण्याआधी त्यांच्यावर कस्टम स्कॅन. १ टीबीला रात्र जाईल.