मदत हवी आहे: काचबिंदू असताना पालथं झोपवून मणक्याचं ऑपरेशन

बाबा ७१ वर्षांचे. दहा वर्षांपासून काचबिंदू (मोतीबिंदू नव्हे, हे नागपूरच्या महाल भागातल्या अर्ध्या गल्लीला सांगून झालं). सकाळ-संध्याकाळ टिमोलॉल, रात्री लॅटानोप्रोस्ट. थेंब टाकला की डोळे मिटून, नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून मनातल्या मनात शंभर मोजतात. मागच्या महिन्यात डोळ्यांचं प्रेशर उजव्याचं १६, डाव्याचं १९. डाव्याची बाजूची नजर बरीच गेलेली आहे.

पुढच्या गुरुवारी धंतोलीत कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन. तीन-चार तास पालथे. फिटनेसला बीपी, शुगर, ईसीजी सगळं झालं. डोळ्यांचा विषय काढला तर "काही होत नाही जी" एवढंच. वर सिस्टर म्हणाल्या, रात्री बारानंतर पोटात काही नको, डोळ्यांत थेंबही नको. हे बरोबर आहे का? पालथं झोपल्याने प्रेशर वाढतं म्हणतात, ते खरं का? नेमकं कोणाला काय विचारू?

प्रतिसाद:
भूलतज्ज्ञ आहे, पण पेशंट न बघता लिहितोय हे लक्षात असू द्या. उपाशी राहायचं ते पोटासाठी. थेंब सहसा ऑपरेशनच्या सकाळीही चालू ठेवतात. टिमोलॉलचं मात्र भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा, त्याने नाडी मंदावते.

पालथं झोपल्यावर प्रेशर वाढतं हे खरं, आणि वेळ जाईल तसं अजून चढतं. म्हणून डोकं हृदयाच्या पातळीत किंवा किंचित वर ठेवायचं, डोळ्यांवर उशीचा दाब येत नाही ना हे मधूनमधून बघायचं. बीपीही फार उतरू द्यायचं नाही, कारण प्रेशर वर आणि बीपी खाली झालं की डोळ्याच्या नसेला रक्त कमी पडतं. श्वासाची नळी घालताना आणि सक्सिनिलकोलिन (स्नायू सैल करणारं औषध) दिल्यावरही प्रेशर थोडा वेळ चढतं. दुसरं औषध वापरता येतं. ऑपरेशनआधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून प्रेशर मोजून चिठ्ठी घ्या. "काही होत नाही" म्हणणारेही चिठ्ठी वाचतात.

नंतर डोळा दुखला, लाल झाला किंवा धूसर दिसलं, तर भुलीचा परिणाम म्हणून सोडून देऊ नका.

धागाकर्ता:
आभारी आहे. सोमवारची वेळ घेतली. बाबांनी बाटल्या आत्ताच पिशवीत भरल्या होत्या. बाहेर ४४ डिग्री, लॅटानोप्रोस्ट काढून परत फ्रिजमध्ये ठेवली.