अनुभव धागा : आजीचे पंचवीस

नात : आमच्या आजीचे वर्षश्राद्ध येत्या पौषात आहे. त्या दिवशी सगळे सोलापुरात जमतीलच, परंतु जमल्यावर बोलणे नेहमी स्वयंपाक आणि गाड्यांच्या वेळा यांवरच जाते, म्हणून आधीच लिहून घ्यावे असे वाटले. घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी एकेक आठवण लिहावी. ‘स्वभाव फार प्रेमळ होता’ एवढ्यावर कोणी सुटका करून घेऊ नये. आजोबा सांगतील ते मी उतरवून घेईन.

मुलगी : आई विड्या वळायची. रात्री तेंदूची पाने भिजत घालायची, सकाळी पत्र्याच्या मापावर धरून ती कात्रीने कापायची आणि मग मांडीवर सूप घेऊन बसायची. पानावर चिमूटभर तंबाखू पसरून, वळून, तोंड नखाने आत मुडपून दोरा गुंडाळेपर्यंत तिचे लक्ष मात्र चुलीवरच्या आमटीकडे असे. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, असे चाळीस कट्टे झाले की हजार. शाळेत ती कधी गेली नाही. मोजायला शिकली ती सोलापूरच्या पूर्व भागातल्या विडी कारखान्यात, तेलुगू बायकांकडून. त्यामुळे घरात मराठी बोलणारी आमची आई आयुष्यभर ‘ओकटि, रेंडु, मूडु’ असेच मोजत राहिली. माझ्या लग्नातल्या पत्रावळीसुद्धा तिने पंचविसांच्या थप्प्यांत लावल्या होत्या. सासरच्यांसमोर मला त्याची लाज वाटली होती, हे इथे कबूल करते.

सून : माझे आणि सासूबाईंचे फार पटत होते असे मी लिहिणार नाही. ज्वारीच्या कडक भाकरीही त्या डब्यात मोजून ठेवत आणि एखादी कमी भरली की प्रश्न मलाच येई. मात्र २००६ साली सोलापूरजवळच्या कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगारांना घरे मिळाली, तेव्हा १०,००० सारख्याच घरांत आम्ही सगळे गोंधळलो असताना, कोपऱ्यापासून आपले दार कितवे हे एकट्या त्यांनाच पाठ होते.

धाकटा नातू : भोगीच्या दिवशी सिद्धेश्वर तलावाकाठच्या संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांचे प्रतीकात्मक लग्न, असते. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी, उंच नंदीध्वज आणि मुंगीलाही वाट मिळू नये एवढी गर्दी. आम्ही नऊ नातवंडे. निघताना आजी प्रत्येकाच्या डोक्यावर टपली मारून मोजायची आणि मूठभर अक्षता द्यायची. ‘सत्यम सत्यम’ ऐकू आले की त्या उधळायच्या. परतताना पुन्हा टपल्या. एका वर्षी मोजणी दहावर गेली, कारण दुसऱ्याच कोणाचा मुलगा साखरेच्या भगव्या गाठीच्या आशेने आमच्यात येऊन उभा राहिला होता. त्याची आई सापडेपर्यंत आजी जागची हलली नाही.

शेजारीण : आमच्या घरात तेलुगू बोलतात, लिहिताना काही चुकल्यास क्षमा असावी. मी लग्न होऊन आले तेव्हा माझ्या विड्या सैल होत असत. कारखान्यात तपासणीला छाट, म्हणजे नापास विड्या, निघे आणि तेवढी मजुरी बुडे. घरी सासूबाईंना काय सांगावे या भीतीने मी जिन्यात बसून रडत असे. काकूंनी एकदा ते पाहिले. त्या दिवसापासून कारखान्यात जाण्याआधी त्या माझे कट्टे सोडून बघायच्या, सैल विड्या उचलून आपल्या पदरात घ्यायच्या आणि त्यांच्या जागी स्वतःच्या घट्ट वळलेल्या घालायच्या. माझा हात बसेपर्यंत, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष, हे चालले. कोणाला सांगायचे नाही, असे त्यांनी बजावले होते. आज सांगितले.

आजोबा (नातीने उतरवून घेतले) : गिरणी बंद पडल्यावर घर हिच्या विड्यांवर चालले, हे सर्वांना माहीत आहे, त्यावर अधिक बोलत नाही. त्या काळात हजार भरले तरी ही दिवा मालवत नसे. आणखी पन्नास-साठ विड्या वळत बसे. विचारले की म्हणायची, ‘मोजताना चुकले वाटतं.’ तिला मोजणी जमत नाही म्हणून मी चारचौघांत हसलो आहे, पुष्कळदा हसलो आहे. शेजारणीने लिहिलेले नातीने आत्ता वाचून दाखवले. मी तिला ते पुन्हा वाचायला सांगितले.